खोक्यावरचा आकडा आणि घरातली भिंत

‘राउटर बदलायचाय, कोणता घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, घर कोणत्या साली बांधलेलं आहे? समोरचा चमकतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं, फार तर किंमत. पण वाय-फायचं निम्मं भवितव्य बिल्डरनं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

सदाशिव पेठेतल्या किंवा दादरच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत खांब-तुळया काँक्रीटच्या आणि मधल्या भिंती विटांच्या. त्यांतून वाय-फाय कुरकुरत का होईना, पार होतं. वाकड, खारघर, घोडबंदर रोड इथल्या अलीकडच्या अनेक टॉवरांत मात्र मायवान पद्धत वापरलेली असते. ॲल्युमिनियमचे साचे लावायचे आणि स्लॅबसोबत भिंतीही काँक्रीटच्याच ओतायच्या. अशा घरात साधा फोटो टांगायचा तरी हॅमर ड्रिलवाला बोलवावा लागतो, हे तिथल्या रहिवाशांना सांगायला नको. आत सळ्यांची जाळी असलेल्या त्या भिंतीपुढे वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या लहरी लवकर दमतात. दोन भिंतींपलीकडे फारसं काही पोचत नाही. २.४ गिगाहर्ट्झ त्यामानानं चिवट, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या फ्लॅटांचे राउटर त्या तिनांतच कोंबलेले.

त्यात राउटरची जागा. फायबर जोडायला आलेला मुलगा डबा तिथे लावतो जिथे वायर घरात शिरते, म्हणजे बहुतेकदा मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटावर, नाहीतर टीव्हीच्या मागे. बेडरूम घराच्या दुसऱ्या टोकाला. मग ‘नेट चालत नाही’ची तक्रार सुरू होते आणि खापर फुटतं राउटरवर.

म्हणून पैसे काढण्याआधी एक चाचणी करा. डब्याशेजारी उभं राहून, फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडून वेग मोजा. मग बेडरूममध्ये मोजा. डब्याजवळ प्लॅनइतका वेग आणि आत दहावा हिस्सा, तर दोष भिंतीचा आणि जागेचा. डब्याजवळही रडगाणं असेल तर लॅपटॉप वायरनं थेट फायबरच्या डब्याला जोडून बघा. वायरवरही वेग नसेल, तर नवा राउटर आणून उपयोग नाही, कंपनीला फोन लावा. वायरवर वेग मिळतो आणि शेजारी उभं राहून वाय-फायवर मिळत नाही, तेव्हाच राउटरवर आरोपपत्र ठेवता येतं. जागाच चुकली असेल तर थोडी जास्तीची फायबर ओढून डबा घराच्या मध्यावर, उंचावर आणता येतो. फक्त ती वायर कोपऱ्यात करकचून वाकवू नका, आत काच असते.

समजा, ही चाचणी झाली आणि राउटर घ्यायचाच ठरलं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात की काउंटरवरून खोकं पुढे सरकतं. ‘घ्या साहेब, चार अँटेना आहेत, बाराशेचा स्पीड.’ हा बाराशेचा आकडा नीट समजून घ्या. खोक्यावरचं एसी १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, बेरीज ११६७, ती वर ढकलून १२००. नवरा-बायकोचे पगार जोडून एकट्या नवऱ्याच्या नावावर सांगावेत, तसलाच हा प्रकार. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बसतो. शिवाय ८६७ हा कागदावरचा वेग. समोरासमोर बसूनही हाती पडतो तो त्याच्या पन्नास-साठ टक्के. वाय-फाय ६ च्या एएक्स ३००० चंही तेच, ५७४ अधिक २४०२. त्यातले २४०२ गाठायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो, आणि बरेच फोन ८० च्या पुढे जात नाहीत. अँटेनांबद्दल तर बोलूच नये. दोनाच्या चार झाल्या म्हणून रेंज दुप्पट होत नाही; प्रसारणाच्या शक्तीवर कायद्यानंच मर्यादा आहे.

खोक्याच्या दर्शनी बाजूला जे छापलेलं नसतं तेच महत्त्वाचं असतं. खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरांत पोर्टची ओळ शोधा. तिथे ‘१०/१००’ लिहिलं असेल तर ते खोकं दुकानदाराला परत द्या. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असेल तरच पुढे बोला. कारण साधं आहे. फायबरच्या डब्यातून राउटरमध्ये नेट येतं ते याच पोर्टातून. तो शंभराचा असेल तर प्लॅन दोनशेचा घ्या की पाचशेचा, घरात ९४-९५ एमबीपीएसच्या वर एक थेंब येणार नाही. हे १०० चं मानक १९९५ सालचं आहे आणि वाय-फायवर हजाराच्या बाता मारणाऱ्या खोक्यांत ते आजही सर्रास मिळतं. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ शेजारी ठेवा. भारतात दोन्ही एसी १२०० म्हणून विकले जातात, किमतीत फरक फार नाही. सी५० चे पोर्ट शंभराचे, सी६ चे गिगाबिट. दुकानात हा फरक कुणी आपणहून सांगत नाही.

घरी आधीच शंभराच्या पोर्टचा राउटर असेल आणि प्लॅन त्याहून मोठा, तर वेग मोजताना आकडा नव्वदीच्या घरात येऊन खिळ्यासारखा थांबतो, सकाळ असो की रात्र. हे लक्षण दिसलं की दोष शंभरावर अडकलेल्या जोडणीचा, दुसरं निदान शोधत बसू नका. कधी कधी राउटर ठीक असतो आणि जोडणारी वायरच आठपैकी चार तारांची किंवा एखादी तार तुटलेली असते. तेव्हा आधी वायर बदला, ती स्वस्त आहे.

आता वाय-फाय ६ की ७? ६ चं प्रमाणीकरण २०१९ मध्ये आलं, ७ चं जानेवारी २०२४ मध्ये. ६ चा खरा फायदा वेगात नाही, गर्दीत आहे. चार फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, दाराचा कॅमेरा, एसी, गीझरचा स्मार्ट प्लग अशा घरात तो सगळ्यांना थोडं थोडं आणि वेळेवर वाढतो. ७ चं मोठं आकर्षण म्हणजे ३२० मेगाहर्ट्झचे रुंद चॅनेल, आणि ते मिळतात फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. त्या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, परवानामुक्त करण्याचा मसुदा आपल्या दूरसंचार विभागानं काढला तोच मे २०२५ मध्ये. त्यामुळे इथे ‘वाय-फाय ७’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त राउटरांत ६ गिगाहर्ट्झ बहुधा नसतोच. नाव सातचं आणि मुख्य गुणच गायब, त्यासाठी जादा पैसे का मोजायचे? दोनशे-तीनशेचा प्लॅन असलेल्या घराला गिगाबिट पोर्ट असलेला वाय-फाय ६ राउटर पुरून उरतो. माझं मत विचाराल तर एएक्स ३००० सुद्धा चैनच.

पण राउटर आणून लावायचा कुठे? इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जुन्या टेलिफोन लाइनच्या काळात मोडेम काढून दुसरा लावला की झालं, असं असायचं. फायबरचा डबा म्हणजे ओएनटी तसा काढता येत नाही. त्याचा क्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेला असतो. लँडलाइन आणि कधी टीव्हीसुद्धा त्यावरच चालतो. तेव्हा नवा राउटर डब्याच्या जागी लागत नाही, डब्याच्या मागे लागतो. त्याचे दोन मार्ग. एक, कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडमध्ये घालून घ्यायचा, म्हणजे तो नुसता पूल उरतो, आणि जोडणीचं युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं. दुसरा सोपा, नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवायचं, म्हणजे हिशेब जुना डबा ठेवतो आणि वाय-फाय तेवढं नवा देतो. यांपैकी काहीच न करता नुसती वायर खोचली तरी नेट चालतं, आणि तिथेच फसगत होते. घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. लॅपटॉप नव्यावर, प्रिंटर जुन्यावर, आणि काल छापणारा प्रिंटर आज ‘सापडत नाही’. मुलांचे गेम अडकायला लागतात. दोन्हींपैकी कोणताही मार्ग घ्या, जुन्या डब्याचं वाय-फाय मात्र बंद करा, नाहीतर फोन हट्टानं त्यालाच चिकटून बसतो.

मायवानच्या तीन बेडरूमच्या घरात एक राउटर, तो कितीही महाग असो, कमीच पडणार. तिथे दोन साधे घेतलेले बरे. भिंतीतल्या पाइपमधून बिल्डरनं नेटची वायर टाकली असेल तर देव पावला. टीव्हीमागच्या सॉकेटची झाकणं उघडून बघा, अनेकांना आपल्या घरात ती आहे हेच माहीत नसतं. वायर असेल तर दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडा. नसेल तर मेश संच, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेले डबे, घ्या, पण त्याचा दुसरा डबा जिथे नेट पोचत नाही तिथे ठेवू नका, जिथवर चांगलं पोचतं तिथे ठेवा. प्लगमध्ये खोचायचे स्वस्त रिपीटर शक्यतो टाळा. एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि बोलायचं म्हणजे वेग निम्म्यावर येतो.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल दुकानात कुणीच विचारत नाही. कंपनी सुरक्षेचे अपडेट किती वर्षं देणार? राउटर हा घरातला असा संगणक आहे, ज्याच्याकडे कुणी बघत नाही आणि जो कधी बंदही होत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले होते. अपडेट थांबलेले जुने राउटर हल्लेखोर वापरताहेत, ते बदला, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयनं मे २०२५ मध्ये दिला. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२४ पासून बनवणाऱ्याला अपडेटची किमान मुदत जाहीर करावी लागते. आपण निदान कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा शेवटचा अपडेट कधी आला ते बघू शकतो. दोन वर्षांत काही आलेलं नसेल, तर कितीही सूट असली तरी घेऊ नका. डब्याच्या खाली चिकटवलेला ॲडमिनचा पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला.

किरकोळ दोन सूचना. छोटा यूपीएस घेणार असाल तर ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. राउटर १२ व्होल्टचे असतात तसे ९ चेही असतात, आणि वीज गेल्यावर फक्त राउटर चालून भागत नाही, ओएनटीलाही वीज लागते. आणि नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, सुरक्षेचा पर्याय डब्लूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा. टीव्ही, कॅमेरा, आजीचा टॅब सगळे आपापले जोडले जातील, प्रत्येकाच्या मागे फिरावं लागणार नाही.

जुना डबा कंपनीचा असेल तर तो तिचाच आहे, नीट ठेवा. जोडणी सोडताना परत मागतात. स्वतःचा असेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. त्याआधी पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेटचं बटण दहा सेकंद दाबून धरा. तुमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड त्यात तोवर तसाच असतो.