पाण्यामुळे गाव सोडलेली टीम

एप्रिल २०१६. ऑफिसात आठ जणांचा ग्रुप जमला होता. २१ मे, शनिवार, गहुंजे स्टेडियम, पुणे विरुद्ध पंजाब! ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’ ही टीम तेव्हा नवीकोरी होती, आणि धोनी चक्क पुण्याचा कॅप्टन. जांभळे टी-शर्ट कुठून घ्यायचे इथपर्यंत चर्चा पोहोचली होती.

१३ एप्रिलला मुंबई हायकोर्टाचा आदेश आला. राज्यात दुष्काळ आहे, ३० एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस महाराष्ट्राबाहेर हलवा. (नंतर १ मेच्या पुण्यातल्या मॅचपुरती सूट मिळाली.) मैदानांवर सुमारे ६० लाख लिटर पाणी जाईल, असं याचिकेत म्हटलं होतं. पुणे आणि मुंबई, दोन्ही टीम्सनी विशाखापट्टणम गाठलं. फायनल बंगळुरूला गेली.

लंच टेबलवर सगळे वैतागले. ‘‘प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू म्हणत होते ना? मग प्रॉब्लेम काय?’’ एकानं विचारलं. ‘‘आणि इथलं वाचलेलं पाणी लातूरला थोडंच जाणारे?’’ दुसरा म्हणाला. मग एकदम शांतता, कारण टेबलावरची लातूरची एकमेव व्यक्ती म्हणजे मी. खरं सांगू? चिडले तर मीही होते. गावाकडचा दुष्काळ माझ्या वीकएंडपर्यंत येऊन पोहोचला म्हणून!

आदल्याच दिवशी, १२ एप्रिलला, मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली होती. १० वाघिणी, ५ लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. आमचा नांदेडकर कलीग एरवी ‘आमच्याकडे गोदावरी आहे’ म्हणून मला चिडवायचा. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही.

मॅच नाही तर नाही, २१ मेला मी घरी गेले. आईनं दारातच सांगितलं, ‘‘आंघोळीला एकच बादली हं. अन् ते पाणी फेकू नको, संडासला लागतं.’’ तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळली जात होती. संध्याकाळी बाबांसोबत टीव्हीवर तीच मॅच पाहिली. शेवटच्या ओव्हरला २३ हवे होते. धोनीनं ते काढले, शेवटच्या बॉलवर सिक्स मारून! आम्ही दोघं ओरडलो. मग बाबा हळूच म्हणाले, ‘‘तुझी मॅच आमच्यामुळं हुकली की गं.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही वाटतं, मॅचेस हलवल्यानं लातूरच्या नळाला थेंबभरही जास्त आलं नसेल. पण त्या आदेशामुळे माझ्या लंच टेबलवर पहिल्यांदा लातूरचं नाव निघालं. बाबांना मात्र माफी मागावीशी वाटली, हे काही मला पटलं नाही.

गंमत बघा, १७ मेला विशाखापट्टणममध्ये पुण्याच्या मॅचमध्ये पाऊस आला आणि निकाल डकवर्थ-लुईसनं लागला. पाण्यासाठी पळालेल्या टीमला पाण्यानंच गाठलं! लातूरची रेल्वे त्या वर्षी ऑगस्टपर्यंत धावली. पुण्याची टीम दोनच सीझन टिकली. २०१७ची फायनल ती मुंबईकडून १ रननं हरली आणि संपली.

२०१८मध्ये कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं आणि चेन्नईची टीम घर सोडून पुण्याला आली. कॅप्टन पुन्हा धोनी! चेन्नईचे फॅन्स स्पेशल ट्रेननं आले. आमच्या ग्रुपनं गहुंजेत जाऊन पिवळ्या गर्दीत शिट्ट्या मारल्या.

इनिंग्ज ब्रेकला मी पाण्याची बाटली घेतली. अर्धी प्यायले. उरलेली फेकवेना. तशीच बॅगेत टाकून घरी आणली.