वर्षं आपली, हक्क मात्र घराचा

यंदाच्या हळदीकुंकवाहून मी दोन गोष्टी घरी आणल्या: वाणाची स्टीलची डबी आणि भरपूर चिडचिड. डबीबद्दल मंडळाचे आभार. चिडचिड झाली ती आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या एका वाक्यावरून. त्या सहज म्हणाल्या की तीन बेडरूमचं कौन्सिलचं घर आता आवरत नाही, जिना चढवत नाही, आणि लेकीच्या जवळ हाउसिंग असोसिएशनचा तळमजल्यावरचा फ्लॅट अदलाबदलीत मिळतोय. झालं! एकीने छातीठोकपणे सांगितलं, "मुळीच जाऊ नका, सगळी वर्षं शून्यावर येतात, डिस्काउंट गेला." दुसरी म्हणाली, "छे हो, राइट टू बाय माणसाबरोबर जातो, माझ्या भाच्याचा गेला की." तिसरीचं स्वतःचं घर आहे. तिने आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे तुम्ही अजून कौन्सिलमध्येच?"

आधी या तिसरीबद्दल. आपल्या मंडळात मुलांचे मार्क, जावयाचा पगार, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं मोठ्याने बोललं जातं. कौन्सिलच्या घराचा विषय निघाला की मात्र सगळ्या एकदम चहाकडे वळतात. ज्यांनी बसमध्ये, हॉस्पिटलात, विमानतळावर शिफ्टा करून या देशात संसार उभे केले, त्यातल्या कितीतरी जणांची मुलं त्याच घरांत वाढली. लाज कसली त्यात? या लाजेपोटीच चुकीची माहिती कानोकानी फिरते आणि कोणी कागद मागत नाही. यावर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा.

आता पहिल्या दोघींकडे. दोघींचंही अर्धंच खरं. राइट टू बाय म्हणजे इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या भाडेकरूला राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क. त्यातल्या डिस्काउंटची वर्षं ही भाडेकरूची असतात. कौन्सिल, हाउसिंग असोसिएशन, एनएचएस ट्रस्ट, लष्कराचं क्वार्टर अशा घरांत काढलेली वर्षं एकत्र मोजली जातात, मध्ये खंड पडला तरी. नवरा-बायको दोघांच्या नावावर टेनन्सी असेल तर ज्याची वर्षं जास्त, त्याची धरतात. म्हणजे जाऊबाईंची एवढी वर्षं कुठेही पुसली जाणार नाहीत. पण ती वर्षं वापरायची तर सध्याच्या टेनन्सीला घर विकत घेण्याचा हक्क असावा लागतो, आणि असोसिएशनच्या बहुतेक टेनन्सींना तो नाही. सरकारी पैशाने 1997 च्या एप्रिलपासून पुढे बांधलेलं किंवा घेतलेलं घर असेल तर 'राइट टू अक्वायर' मिळू शकतो. त्याची सूट भागानुसार 9,000 ते 16,000 पौंड. जाऊबाईंना मिळणारा फ्लॅट जुना आहे, त्यामुळे तेही नाही. वर्षं हातात, पण वटवायला जागा नाही.

भाच्याचा हक्क त्याच्याबरोबर गेला असं जी सांगत होती तिचंही खोटं नाही. तो कौन्सिलच्या एका घरातून कौन्सिलच्याच दुसऱ्या घरात गेला. तिथे काहीच हरवत नाही. माझा मावसभाऊ तसाच लंडनहून लेस्टरला गेला, कौन्सिलमधून कौन्सिलमध्ये, आणि त्याचा तर फायदाच झाला, कारण सवलतीची कमाल रक्कम घराच्या ठिकाणावर ठरते. लंडनच्या बहुतेक बरोंमध्ये ती 16,000 पौंड आहे, लेस्टरकडे 24,000.

यजमानांच्या पुतण्याची गोष्ट आणखी निराळी. त्याची वसाहत कौन्सिलने मतदान घेऊन एका असोसिएशनकडे सोपवली. तेव्हा तिथे राहणाऱ्या भाडेकरूंचा हक्क कायद्याने शाबूत ठेवला. त्याला 'प्रिझर्व्ड राइट टू बाय' म्हणतात. त्याच असोसिएशनच्या दुसऱ्या घरात तो गेला तर हक्क त्याच्याबरोबर जातो. दुसऱ्या असोसिएशनकडे गेला की संपला. आणि त्याच्या जागी बाहेरून जो येईल त्याला तो हक्क मिळत नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. पुतण्याचा घरमालक बदलला, तरी कायद्याने त्याचा हक्क सांभाळला. जाऊबाईंचाही घरमालकच बदलणार आहे, पण त्यांचा हक्क जातो. का, तर त्यांनी स्वतःहून अर्ज केला! 'स्वतःहून' म्हणजे काय हो? मोठ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी लहान घरात जावं म्हणून कौन्सिलची पत्रकं येत असतात. 2013 पासून तर कामाच्या वयाच्या, घरभाड्याला मदत घेणाऱ्या भाडेकरूंची एक खोली जास्त असली तर 14 टक्के आणि दोन असल्या तर 25 टक्के भाड्याची मदत कापली जाते. जाऊबाई पेन्शनवर आहेत म्हणून त्यातून सुटल्या, पण अदलाबदलीमुळे तीन बेडरूम एका दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबाला मिळणार आहेत. ज्या कामासाठी बक्षीस द्यायचं, त्यासाठी दंड कशाला?

कोणी म्हणेल, 16,000 पौंडांसाठी एवढा आटापिटा? खरंय, 21 नोव्हेंबर 2024 च्या आधी लंडनमध्ये कमाल सूट 1,36,400 पौंड होती. कागदावर फ्लॅटला अजूनही 70 टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण चार लाखांच्या फ्लॅटवर 16,000 म्हणजे चार टक्के. तरी रक्कम लहान झाली म्हणून अन्याय लहान होत नाही. शिवाय जुलै 2025 मध्ये सरकारने जाहीर केलं की तीन वर्षांऐवजी दहा वर्षांची अट घालणार आणि सूट 5 ते 15 टक्क्यांत बसवणार. तेव्हा तर एकेक वर्ष मोलाचं होईल.

उपाय नवा शोधायला नको. 2018 मध्ये मिडलंड्समध्ये असोसिएशनच्या भाडेकरूंसाठी 20 कोटी पौंडांचा प्रयोग झाला होता. त्यात राहतं घर विकण्याजोगं नसेल तर सूट असोसिएशनच्या दुसऱ्या घरावर नेता येत असे. तीच सोय दोन घरमालकांच्या संमतीने होणाऱ्या अदलाबदलीला लावा, एवढंच माझं म्हणणं. बऱ्याच असोसिएशन धर्मादाय संस्था आहेत, त्यांना नुकसान सोसवत नाही, हे मान्य. मग भरपाई सरकारने द्यावी.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. इंग्लंडमध्ये 1980 पासून सुमारे वीस लाख घरं अशी विकली गेली आणि तेवढी नवी बांधली गेली नाहीत. स्कॉटलंडने 2016 मध्ये आणि वेल्सने 2019 मध्ये हा हक्कच बंद केला. आम्ही स्वतः नव्वदच्या दशकात सूट घेऊन फ्लॅट घेतला आणि आजची तरुण जोडपी यादीत ताटकळत आहेत, याचा विचार मनात येतो. पण हक्क काढायचा तर सगळ्यांचा उघडपणे काढा. अदलाबदलीच्या फटीतून एकेका म्हातारीचा गळू देऊ नका.

फार उपदेश झाला, माफ करा. तरी जाता जाता कामाच्या गोष्टी सांगते. खरेदीचा अर्ज चालू असताना अदलाबदल केलीत तर तो अर्ज पुढे चालत नाही. जागी येणाऱ्यालाही त्याचा उपयोग नाही. घरमालकाने अलीकडे ज्यावर मोठा खर्च केलाय असं चकाचक घर घेतलंत तर त्या खर्चापायी सूट कमी होऊ शकते, कधी शून्यही. लेखी संमतीशिवाय सामान हलवू नका. कौन्सिलला उत्तर द्यायला 42 दिवस असतात. आणि वरून पैसे तर अजिबात देऊ-घेऊ नका. मुंबईत पागडीला 1999 च्या कायद्याने मान्यता दिली, इथे अदलाबदलीसाठी पैसे घेतले-दिले तर घर खाली करून घेण्याचं ते कारण ठरू शकतं. नव्या घरमालकाला ईमेलवर एकच विचारा: या टेनन्सीला राइट टू बाय आहे का, आणि माझी आधीची वर्षं धराल का? फोनवरचं उत्तर धरू नका.

जाऊबाईंनी अर्ज टाकलाय. हक्क जाणार हे कळूनही टाकलाय, आणि मी त्यांना अडवलेलं नाही. आमच्या खासदारांना लिहायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. मंडळात आणखी कोणाची अशी अदलाबदल झाली असेल तर संपादकांकडे कळवा, पत्रात तुमचंही उदाहरण घालू. नाव कुठेही छापणार नाही.