खातं विकणाऱ्यांना महिनाअखेरपर्यंतची मुदत

तोक्यो आणि आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना, विशेषतः अलीकडे शिकायला किंवा नोकरीला आलेल्या तरुणांना, हा जाहीर इशारा आहे. मायदेशी परतताना किंवा हात तंग असताना बँकेचं पासबुक, कॅश कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हवाली करून पैसे घेण्याचे प्रकार आपल्यात घडले आहेत. कुणी दिलं आणि मध्ये दलाली कुणी खाल्ली, यातली काही नावं आमच्यापर्यंत आली आहेत. या महिनाअखेरच्या आत संबंधितांनी स्वतः पोलिसांकडे जावं. ही मुदत वाढणार नाही.

‘खातं वापरात नव्हतं, दिलं तर बिघडलं काय?’ असं विचारणाऱ्यांनी ते कुणाला हवं असतं ते ऐकावं.

इथल्या याकुझा टोळ्यांवर 1992 मध्ये कायदा लागू झाला आणि 2011 पर्यंत सगळ्या प्रांतांनी त्यांना व्यवहारातून हद्दपार करणारे नियम केले. टोळीतल्या माणसाला आता बँकेत खातं उघडता येत नाही, मोबाइल मिळत नाही, घर भाड्याने मिळत नाही. टोळी सोडली तरी साधारण 5 वर्षं हीच गत. म्हणून त्यांना दुसऱ्याच्या नावावरचं, डाग नसलेलं खातं लागतं. परत न येणाऱ्या परदेशी माणसाचं असेल तर अधिकच बरं.

सिनेमे आणि व्हिडिओ गेम पाहून याकुझा म्हणजे शब्दाला जागणारे मर्द गडी असं मानणारे आपल्यातही आहेत. 1995 च्या भूकंपानंतर यामागुची-गुमी या टोळीने कोबेत अन्न वाटलं, हे खरं आहे. पण हीच माणसं वर्षानुवर्षं हप्त्यावर जगत आली, हेही तितकंच खरं. एदो काळातले जुगारअड्डे चालवणारे बाकुतो आणि जत्रांतून माल विकणारे तेकिया हे यांचे पूर्वज. यामागुची-गुमी 1915 मध्ये कोबे बंदरातल्या हमालांतून उभी राहिली. 1946 मध्ये काझुओ ताओका तिचा तिसरा प्रमुख झाला आणि त्याने ती देशभर पसरवली. 1963 मध्ये जपानभरच्या टोळ्यांत मिळून सुमारे 1,84,000 माणसं होती.

त्यांची बांधणी नीट समजून घ्या, कारण फसगत तिथेच आहे. वेदीसमोर साकेचा प्याला घेऊन नवा माणूस ओयाबुनचा, म्हणजे मानलेल्या बापाचा, कोबुन होतो. आधी बाप घोट घेतो, मग मुलगा. प्याला कागदात गुंडाळून तो छातीशी ठेवतो. प्रत्येक कोबुनच्या हाताखाली त्याची स्वतःची टोळी, तिच्याखाली आणखी एक. दर महिन्याला पैसा खालून वर चढतो आणि हुकूम वरून खाली उतरतो. चूक झाली तर डाव्या करंगळीचं पेर कापून द्यायचं. गुन्हा तळातला माणूस करतो, तुरुंगातही तोच जातो. वरचा म्हणतो, मला काहीच ठाऊक नाही.

किताक्युशूच्या कुदो-काई टोळीने तर नकार देणाऱ्या सामान्य माणसांवर आणि एका नर्सवरही हल्ले केले. थेट हुकमाचा पुरावा नसतानाही, टोळीच्या बांधणीवरूनच वरच्याचा हात ओळखून फुकुओकाच्या न्यायालयाने 2021 मध्ये प्रमुख सातोरु नोमुराला फाशी सुनावली. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. एका प्रमुखापर्यंत पोहोचायला एवढी वर्षं लागली. तुमच्यापर्यंत पोहोचायला बँकेतली एक नोंद पुरते.

टोळ्या आटल्या आहेत. 2024 अखेर माणसं 20,000 च्याही खाली आली. पण त्यांची जागा घेणारे अधिक निर्दय आहेत. पोलिस त्यांना तोकुर्यू म्हणतात. इथे प्याला नाही, बाप नाही, मागे राहिलेल्या कुटुंबाला कुणी विचारत नाही. मोबाइलवर ‘झटपट कमाई’ची जाहिरात येते, ओळखपत्राचा फोटो आणि घरचा पत्ता मागतात, आणि नंतर मागे हटलात तर त्याच पत्त्याची धमकी देतात. जानेवारी 2023 मध्ये तोक्योच्या कोमाए भागात 90 वर्षांच्या बाईला तिच्या घरात ठार मारलं, ते अशाच भरतीतून आलेल्या पोरांनी. हुकूम देणारे फिलिपिन्सच्या स्थानबद्धता केंद्रात बसून फोन चालवत होते. फोनवरून म्हाताऱ्यांकडून लुबाडलेला पैसाही कुणाच्या तरी खात्यात उतरतो आणि तिथून काढला जातो. ते खातं तुमचं असू शकतं.

पैशासाठी खातं देणं हा इथे गुन्हा आहे. खातं गोठतं, खातेदाराचं नाव पोलिसांमार्फत बँकांकडे जातं, दुसरं खातं उघडणं कठीण होतं, व्हिसा धोक्यात येतो. ‘मित्राने मागितलं म्हणून दिलं’ हे उत्तर ठाण्यात चालत नाही.

हॉटेलवाल्यांनाही एक सांगणं आहे. ओल्या टॉवेलांचं कंत्राट, दारातल्या कुंड्यांचं भाडं, वर्षअखेरीची सजावट अशा नावांनी मागितला जाणारा पैसा हप्ताच असू शकतो. तोक्योत 2019 पासून ठरावीक भागांतल्या ठरावीक धंद्यांत हप्ता देणाराही गुन्हेगार ठरतो: 1 वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाख येनपर्यंत दंड. आपणहून कळवलं तर शिक्षा सौम्य होऊ शकते.

दलालांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. नव्या पोरांच्या खोल्यांवर जाऊन कार्डं गोळा करणं आजपासून बंद. आमच्या कार्यक्रमांत, सणांत, घरांत तुम्हाला थारा नाही. यापुढे एकाही पोराला गाठलंत तर महिनाअखेरची वाट न पाहता तक्रार दाखल होईल.

खातं दिलेल्या बाकीच्यांनी आजच बँकेला फोन करून खातं बंद करायला सांगावं आणि पोलिसांच्या #9110 या सल्ला क्रमांकावर बोलावं. धमकी येत असेल तर तेही सांगावं. अशा जाळ्यातून बाहेर पडू पाहणाऱ्याला आणि त्याच्या घरच्यांना संरक्षण देऊ, असं पोलिसांनी 2024 मध्ये जाहीर केलं आहे. जपानी येत नसेल तर आमच्यापैकी कुणीतरी सोबत येईल, रात्री-अपरात्रीही. मुदतीनंतर मात्र पहिल्याच कामाच्या दिवशी आमच्याकडची नावं, तारखा आणि मेसेजचे स्क्रीनशॉट आम्ही ठाण्यात जमा करू. कुणाचा मुलगा, कुणाचा भाचा, हे पाहिलं जाणार नाही.