भाकरी कोण थापणार?

जालना रोडने किंवा पैठण रोडने शहराबाहेर पडलं की हॉटेलांच्या पाट्या सुरू होतात. ‘चुलीवरची भाकरी’, ‘गावरान चव’, ‘अस्सल मराठवाडी थाळी’. दारातच चूल मांडलेली असते आणि परातीपुढे एक बाई धुरात बसलेली असते. लोक गाडीतून उतरतात, तिचा व्हिडिओ काढतात, आत जाऊन पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी मागवतात. जेवता जेवता कुणीतरी म्हणतंच, ‘घरी आता अशी भाकरी होत नाही.’ का होत नाही, हे त्या टेबलावर सहसा कुणी विचारत नाही. मला मात्र तोच प्रश्न मोलाचा वाटतो, कारण मी घरी रोज भाकरी करतो.

मी पैठण तालुक्यातला. बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांचा होतो. मायबाप पाझर तलावाच्या कामावर दिवस उजाडायच्या आत निघायचे. घरात धाकटी भावंडं आणि मी. त्या साली आपल्याकडे ज्वारी पिकलीच नव्हती. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी मिळायची, लालसर दाण्याची. कामावर सुकडी वाटायचे, त्यातली थोडी माय पदरात बांधून आणायची. त्या मिलोची भाकरी मी मायकडून शिकलो. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता, थापताना कडा फाटायच्या. माय म्हणायची, ‘आधण चांगलं उकळू दे, मग पीठ ऐकतं.’ गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नसतं, म्हणून उकळत्या पाण्याने पीठ धरून आणावं लागतं, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. हाताला ते आधीच ठाऊक होतं.

पीठ ताजं हवं, ही पहिली अट. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरीला भेगा पडतात. आधणात पीठ घालून थोडं झाकून ठेवायचं, मग तळहाताच्या टाचेने रगडायचं, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. उंडा हातात गोल फिरवून परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं आणि बोटांनी थापत भाकरी फिरवायची. दाब मधे कमी, कडेला जास्त. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला लगेच पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या बेताला उलटायची, मग आचेवर शेकायची. पापुद्रा सुटून टम्म फुगली की समजायचं, मळणं नीट झालं. या सगळ्यात दुसरं काही करता येत नाही. फोन घेता येत नाही, टीव्ही बघता येत नाही. दिवसातला तेवढा वेळ माणूस एका कामाचा होतो, आणि मला त्याची ओढ वाटते.

पुढे शहरात आलो, वाळूजला कंपनीत लागलो. बजाजनगरात घर केलं. बायको अंगणवाडी सेविका. ज्यांनी शिफ्टमध्ये आयुष्य काढलं त्यांना माहीत आहे, घर एका वेळी जेवायला बसणं किती अवघड असतं. सेकंड शिफ्ट सुटून कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची तेव्हा पोरं झोपलेली असायची. नाइटच्या आठवड्यात पोरं शाळेला निघताना मी घरात शिरायचो. उरायचा तो फर्स्ट शिफ्टचा आठवडा. त्या आठवड्यात संध्याकाळची भाकरी माझी, भाजी बायकोची.

भाकरीची एक अडचण आहे. ती तव्यावरून थेट ताटात जावी लागते, त्यामुळे करणारा पंगतीत नसतो. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवली, त्यामागे रूढी होती, आणि हेही होतं. आमच्याकडे मी आधी पोरांना आणि बायकोला वाढायचो. तिचं पोट भरलं की ती उठून ओट्यापाशी यायची आणि माझ्या भाकऱ्या करायची. मी पोरांमध्ये बसायचो. ती अदलाबदल पोरांनी त्या आठवड्यांत रोज पाहिली. आमच्या घरातलं महत्त्वाचं बोलणंही तेव्हाच झालं. कंपनीत ले-ऑफ लागल्याचं मी तिथेच सांगितलं, उंडा हातात असताना. पोरीने आपल्याला बारावीनंतर नर्सिंगला जायचंय हे तिथेच सांगितलं. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते थापण्याच्या आवाजात निघतं, असा माझा अनुभव आहे.

आमच्या शहराची ओळख सांगताना नान-खलियाचं नाव पहिलं निघतं, आणि ते योग्यच आहे. 1327 मध्ये मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्या लष्करी मुदपाकखान्यातून तो पदार्थ इथे रुजला असं सांगतात. जुन्या शहरात आजही तो मोठ्या देगेत, शेकडो लोकांसाठी शिजतो, आणि शिजवणारे बहुतेक पुरुषच असतात. लष्कराचा आणि लग्नाचा स्वयंपाक पुरुषाला शोभतो आणि रोजची भाकरी शोभत नाही, हे कोणी ठरवलं?

आम्ही पैठणकर तर संत एकनाथांच्या गावचे. नाथांच्या वाड्यात देवाने श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीने पाणी भरलं, चंदन उगाळलं, ही कथा आम्ही कीर्तनात ऐकतच वाढलो. फाल्गुनात नाथषष्ठीला लाखो वारकरी पैठणला येतात, ते त्या वाड्याचंही दर्शन घेतात. देवाने त्या घरात काय केलं? रोजचं, न संपणारं काम केलं. भरलेला रांजण उद्या पुन्हा रिकामा होणारच होता. त्या कथेचा मी लावलेला अर्थ हा आहे, आणि तो मला स्वयंपाकघरात पुरतो.

आता ज्वारीचं. बाजारात आज चांगली शाळू ज्वारी गव्हाहून महाग पडते. गरिबाचं धान्य म्हणून जिला हिणवलं, ती गरिबाच्या घरातून निघून गेली. कारणं शिवारात दिसतात. कालव्याखाली ऊस गेला, कोरडवाहू रानात कापूस आणि सोयाबीन आलं. रब्बीची ज्वारी हाताने उपटावी लागते, त्याला मजूर मिळत नाहीत. बैल कमी झाले तशी कडब्याची गरज घटली. आणि गावात एकट्यानेच ज्वारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच रानावर उतरतात. गोफण घेऊन माळ्यावर दिवसभर उभं राहायला आता घरात माणूस नसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे चांगले वाण दिले, पण वाण दिल्याने पाखरं राखली जात नाहीत.

2023 हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ हे नाव मिळालं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असा दरही लिहिलेला होता. आता तर रेशन मोफत आहे. तरीही आमच्या भागात पिशवीत बहुतेक महिने गहू आणि तांदूळच पडतो. माझी मागणी साधी आहे. मराठवाड्यातली रब्बी ज्वारी शासनाने परवडेल त्या भावाने विकत घ्यावी आणि मराठवाड्यातल्या रेशन दुकानांत वर्षभर द्यावी. खात्रीचं गिऱ्हाईक असेल तर गावात चार-दोन घरं नव्हे, अख्खं शिवार पेरेल, आणि पाखरांचा वाटाही सगळ्यांत विभागला जाईल. महालक्ष्म्यांना आपण ज्वारीची आंबील नैवेद्याला दाखवतो. देवीला जे चालतं ते रेशनकार्डावर का नसावं?

या मागणीचा अर्ज घेऊन आमच्या गल्लीतले काही जण तहसीलला जाणार आहेत. सह्यांसाठी घरोघर फिरलो तेव्हा पुरुषांनी लगेच केल्या. बायकांनी मात्र पेन हातात घेऊन विचारलं, ‘ज्वारी आली तर थापणार कोण, भाऊ?’ कुणी दिवसभर दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटते, कुणी पॅकिंगच्या कामाला जाते. त्यांचा प्रश्न रास्त होता. गव्हाची पोळी सकाळी लाटून डब्यात ठेवली की रात्रीपर्यंत निभते, भाकरीला माणूस उभा राहावा लागतो. ज्वारी मिळाली तरी तो वेळ त्यांना परवडत नव्हता.

म्हणून ज्या घरात पुरुषाने आधी सही केली होती, तिथे मी पुन्हा गेलो आणि रविवारी सकाळी त्याला आमच्या ओट्यावर बोलावलं. पहिल्या रविवारी तिघे आले. एकाचा हात मशीनवर काम करून इतका पक्का झालेला की उंडा पहिल्याच दाबात फुटला, पण मळणं त्याला सगळ्यांत आधी जमलं. पीठ आणायचं काम त्या तिघांकडेच दिलंय. ताजं दळलेलं, आठवड्याच्या आतलं.