माळढोक आणि ‘पडीक’ माळ

वन्य प्राणी आणि शेतकरी हे जन्माचे वैरी, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. आम्हांस तो सर्वस्वीं खोटा वाटतो. सोलापुराजवळील नान्नजचा माळढोक पहा. हा पक्षी अरण्यांत नव्हे, गवताळ माळावर आणि ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत वाढला; नाकतोडे टिपून तो कोरडवाहू शेतकऱ्याचें कामच करीत असे. मग त्याला हुसकावलें कोणीं? शिकाऱ्यांनीं, हें खरें. पण माळाला ‘पडीक’ म्हणून तेथें झाडें लावणाऱ्या उत्साहानें आणि ज्वारीला डावलून उसाला पाणी पुरविणाऱ्या धोरणानेंहि!

१९७९ सालीं त्याच्यासाठीं ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत गांवें आलीं, शेतें आलीं. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनें आलीं. लोक पक्ष्यावरच रुसले, यांत नवल तें काय? पुढें तें क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. आज देशाच्या माळरानांवर दोनशेंहूनहि कमी माळढोक उरले असून ते बहुतेक राजस्थानांत आहेत.

कोणी विचारील, पक्ष्यासाठीं शेतकऱ्यानें उपाशी रहावें काय? मुळींच नाहीं! मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते; त्या पावसाळ्यांत जो आपला माळ चराईपासून राखील, त्याला राखणीचा मोबदला द्या. ज्वारी पेरणाऱ्यास रास्त भाव द्या. आणि वाचकहो, आपल्याच ताटांतून भाकरी उठली, तर ज्वारीच्या शेतांतला पक्षी कोणाच्या आधारावर रहावा?