शेंडीची शोभा आणि पाळणाराचें कर्तव्य

पशुपक्षी पाळण्याची हौस मुलांच्या ठिकाणीं असणें हें चांगलें चिन्ह होय. परंतु रूपावर भुलून पक्षी घरीं आणणें निराळें आणि त्यास सुखानें वाढविणें निराळें. ज्या शेंडीदार कोंबडीस आपल्याकडील बाजारांत 'पॉलिश कॅप' म्हणतात, तिचेंच उदाहरण घेऊं.

नांवावरून ती पोलंडची वाटते. पण सतराव्या शतकांतील डच चित्रांत अशा कोंबड्या आढळतात, व तिची जोपासना विशेषेंकरून हॉलंडांत झाली. तिच्यासारखीच शेंडीदार, परंतु तिच्याहून दुर्मिळ अशी तुर्कस्तानची सुल्तान कोंबडी १८५४ सालीं इंग्लंडांत गेली. पॉलिश कोंबडीच्या कवटीवर उंचवटा असून त्यावर शेंडी उगवते. डार्विननें १८६८ सालच्या आपल्या ग्रंथांत या कवटीचें वर्णन केलें आहे. पिलांचा हा भाग इतका नाजूक असतो कीं, दुसऱ्या कोंबडीची चोंच तेथें बसल्यास जीवावर बेतते.

आतां कोंकणपट्टीचा विचार करा. कोंबडीस घाम येत नाहीं; ती चोंच वासून धापा टाकते आणि श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या वाफेनें शरीर निववते. वैशाखांत हवाच बाष्पानें भरलेली असल्यामुळें हा उपाय लंगडा पडतो. इतर कोंबड्यांची कांहीं उष्णता डोक्यावरील मांसल तुऱ्यांतून निघून जाते. हिचा तुरा अगदीं लहान, आणि वर पिसांचें ओझें! पावसाळ्यांत शेंडी भिजून डोळ्यांवर येते, तींत उवा होतात, आणि झडप घालणारी घार तिला दिसत नाहीं.

मग अशी कोंबडी पाळूंच नये काय? कित्येक तसें म्हणतात. मला तें पटत नाहीं. मनुष्यानेंच पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिला हें रूप दिलें. आतां रानांत ती जगणार नाहीं. मूठभर लोक जी जात राखतात, ती त्यांनीं सोडली म्हणजे संपलीच. म्हणून प्रश्न पाळण्याचा नसून अटींचा आहे. खुराडें सावलींत, जमिनीपासून उंच व दोन्ही बाजूंनीं वारा खेळणारें असावें. खालीं भाताचें कोरडें तूस असावें. पाण्याचें भांडें अरुंद तोंडाचें असावें, म्हणजे शेंडी भिजत नाहीं. डोळ्यांभोंवतालचीं पिसें वेळोवेळीं कातरावीं, आणि भांडखोर कोंबड्यांत तिला सोडूं नये.

पालकांनीं विकत घेण्यापूर्वीं मुलास एवढेंच विचारावें: मे महिन्यांत तूं आजोळीं गेलास, तर भर दुपारीं हिला गार पाणी कोण देईल? उत्तर नसेल, तर गांवठी कोंबडीच आणावी. तिला कमी लेखूं नये. शेंडीदार कोंबडी क्वचितच खुडूक बसते. तिचीं अंडीं बहुधा साध्या खुडूक कोंबडीखालींच ठेवावीं लागतात, आणि ती बिचारी एकवीस दिवस परक्याचीं अंडीं आपलींच समजून उबवते.

यरुशलेमेविषयीं शोक करितांना प्रभु येशूनें पिलांस पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीचा दृष्टांत दिला, शोभेच्या पक्ष्याचा नव्हे. सौंदर्याची आवड ईश्वरानेंच आपणांस दिली आहे. परंतु आपल्या आवडीची किंमत मुक्या जीवानें भरावी, हें कोणत्याही विद्यार्थ्यास शोभणारें नाहीं.