पत राखायची कोणी?

पानिपतच्या रणात नाहीशा झालेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव धारण करून 1776 साली एका तोतयाने कोकणात बंड उभारले, तेव्हा सोंग वठवण्यासाठी त्याला निदान चेहऱ्यामोहऱ्याचे आणि बोलण्याचालण्याचे साम्य तरी दाखवावे लागले. आजच्या तोतयाला तेवढीही तोशीस पडत नाही. आधार आणि पॅन यांच्या छायाप्रती व कर्ज देणाऱ्याची गाफील पडताळणी एवढ्या सामग्रीवर तो परक्याच्या नावे कर्ज उचलतो, आणि आपण थकबाकीदार ठरलो आहोत याचा सुगावा त्या बापड्या इसमास स्वतःचा कर्जअर्ज नामंजूर होईपर्यंत लागत नाही.

खंडाळा तालुक्यातील सहकारी बँकांच्या शाखांना हा प्रश्न दूरचा नव्हे. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने कामास लागणारा तरुण कंत्राटदाराच्या कचेरीत, घरमालकाकडे आणि हप्त्याने मोबाइल देणाऱ्या दुकानात त्याच दस्तऐवजांच्या प्रती बिनदिक्कत देत जातो. लोणंदच्या बाजारात कांदा घेऊन आलेला शेतकरी झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत तशीच टाकून निघतो. प्रत्येक प्रतीवर तारीख व प्रयोजन आडवे लिहून सही करण्याचा परिपाठ खातेदारास लावून देणे, हे आपल्या काउंटरवरील कारकुनाचेच काम आहे.

तथापि खरी राखण पतअहवालाच्या वाचनात आहे. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असे बंधन रिझर्व्ह बँकेने 2017 पासून घातले असल्यामुळे, दर तीन महिन्यांनी एकेकीकडून तो मागविणाऱ्यास वर्षभर विनाखर्च पहारा ठेवता येतो. खातेदार गुणांक पाहून अहवाल मिटवतो. पाहावयाचे असते ते चौकशीचे सदर. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेस, किती रकमेच्या कर्जासाठी ही माहिती मागविली, हे तेथे नमूद असते, आणि तोतयाचे पाऊल बहुधा प्रथम तेथेच उमटते. अनोळखी नोंद आढळताच त्या संस्थेकडे व पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार रुजू करावी आणि पैशांची फसवणूक झाली असल्यास 1930 या क्रमांकावर फिर्याद नोंदवावी.

तक्रारीचे निवारण 30 दिवसांत न झाल्यास तक्रारदार दररोज 100 रुपये भरपाईस पात्र ठरतो. त्यांतील पहिल्या 21 दिवसांत दुरुस्त माहिती पाठविण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेची असून, तिने कसूर केल्यास भरपाईचा भुर्दंड तिच्याच माथी येतो. परंतु दंडाच्या भयाने जागे होणे हे आपल्या पेशास शोभणारे नव्हे. पडताळणीत कुचराई करून तोतयास कर्ज द्यावे आणि वसुलीची नोटीस निरपराध माणसास धाडावी, हा उघड अन्याय होय. म्हणून आमचे शाखाधिकाऱ्यांस आग्रहाचे सांगणे आहे, की कर्जअर्ज हाती घेताच अर्जदाराचा अहवाल त्याच्यासमक्ष उघडावा आणि त्यातील प्रत्येक नोंद त्यास मराठीत वाचून दाखवावी.